एकाच गाडीतून उतरलेल्या सासवा

नोकरीतले अनुभव लिहून द्या, म्हणून आमच्या मंडळाच्या दिवाळी वार्षिकाचे संपादक बरेच दिवस मागे लागले होते. या वर्षी देते आहे. पण खरं सांगायचं तर हे लिहिते आहे आर्या आणि ईशान, तुम्हा दोघांसाठी. तिकडे परदेशात एखाद्या रविवारी तुमचा बाबा वाचून दाखवील. त्याने मधले परिच्छेद गाळू नयेत. लहानपणापासून त्याला ती खोड आहे.

निमित्त आर्याचं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी एकटी बँकेत जाऊन आले, हे ऐकून ती फोनवर म्हणाली, "आजी, यू आर सो इंडिपेंडंट!" मी थँक यू म्हटलं, कारण मला तसं वळण आहे. पण फोन ठेवल्यावर जी चिडचिड सुरू झाली ती अजून गेलेली नाही. एकटी कसली? रिक्षावाल्याने हात धरून उतरवलं, बँकेतल्या शिपायाने आपली खुर्ची दिली आणि मी काउंटरवर विसरलेला चष्मा शेजारच्या मुलीने घरी आणून दिला. एवढी माणसं लागली मला इंडिपेंडंट व्हायला.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. बडोद्याला शिकले, लग्न करून सुरतेला आले, उधन्याच्या एका मराठी शाळेत निवृत्त होईपर्यंत नोकरी केली आणि आता डिंडोलीच्या घरी बाहेरच्या खोलीत बायकांचा दुपारचा वर्ग घेते. तेव्हा शब्दांवर रागावण्याचा मला थोडा हक्क आहे. आणि या एका शब्दाइतका छळ दुसऱ्या कुठल्याच शब्दाने केला नाही.

तो कुठे कुठे वापरतात ते पाहा. कामरेजकडे नवी घरं झाली आहेत, त्यांच्या पाट्यांवर 'इंडिपेंडंट रो-हाऊस' असं लिहिलेलं असतं. मी एक बघायला गेले होते. पलीकडच्या घरातला मिक्सर सुरू झाला तर आपल्या भिंतीवरचं घड्याळ हलत होतं. निवडणुकीत जो कुठल्याच पक्षाने तिकीट न दिल्यामुळे उभा राहतो, तो इंडिपेंडंट. निकालानंतर तो कुठे जाऊन बसतो ते मला विचारू नका. माझ्या पायाची तपासणी करणाऱ्या मुलीने कागदावर लिहिलं, 'वॉक्स इंडिपेंडंटली'. त्या वेळी माझ्या एका हातात काठी होती आणि दुसरा हात त्या मुलीच्याच हातात होता. आणि तुमच्या बाबाने मोठ्या प्रेमाने एका वृद्धनिवासाचं माहितीपत्रक पाठवलं, त्यावरही 'इंडिपेंडंट लिव्हिंग'. आत लिहिलं होतं: जेवणाच्या वेळा ठरलेल्या, न्हाणीघरात घंटा, बाहेर जायचं तर गेटवर परवानगी. माझ्या शाळेतल्या पाचवीच्या वर्गाला याहून जास्त मोकळीक होती.

आता या धंद्याबद्दल थोडं. परक्या भाषेतला शब्द शिकवणं म्हणजे फळ्यावर अर्थ लिहिणं, असं लोकांना वाटतं. मी नोकरीला लागले तेव्हा मीही तसंच करत असे. इंडिपेंडंट म्हणजे स्वतंत्र. की लगेच मुलं झेंडा, लाडू आणि प्रभातफेरी सांगायला लागत. अर्थ सांगून शब्द अंगात मुरत नाही, तो माणसाला स्वतःच्या एखाद्या प्रसंगावर लावून बघावा लागतो. म्हणून माझ्या वर्गात नोट्स नाहीत. नोट्स दिल्या की पाठ होतात. खान्देशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आलेल्या घरांतली ही मुलं पाठांतरात फार पटाईत. शाळेत 'माझे वडील' या निबंधात अख्ख्या वर्गाचे वडील शेतकरी निघाले होते, कारण गाइडमध्ये तसं होतं. ज्यांचे वडील त्या क्षणी शाळेच्या मागच्या गल्लीत लूम चालवत होते, त्यांचेसुद्धा. लूमचा खडखडाट खिडकीतून ऐकू येत होता आणि मी बैल, नांगर आणि हिरवीगार शेतं तपासत बसले होते.

बायकांच्या वर्गात येणारी माणसंही एकेक असतात. एक सासूबाई सुनेवर लक्ष ठेवायला म्हणून येऊन बसायच्या. सून महिन्याभरात कंटाळली, सासूबाई अजून येतात. एका बाईंना फक्त मुलाच्या शाळेत जाऊन भांडण्यापुरतं इंग्रजी हवं होतं. तेवढं शिकवलं, भांडून आल्या, पेढे दिले आणि पुन्हा आल्या नाहीत. असल्या विद्यार्थिनींवर माझा राग नाही. निदान आपल्याला काय हवं ते त्यांना माहीत असतं.

वैशालीला काय हवं तेही पक्कं माहीत होतं. ती अमळनेरकडची. माझ्या मागच्या गल्लीत राहते. घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची, त्यामुळे तिच्या बोटांना कायम चिकटा असे आणि वहीची पानं एकमेकांना चिकटत. नवरा संजय लूमच्या कारखान्यात, म्हणजे इथल्या बोलीत 'खात्या'त, कामाला होता. ते खातं बंद व्हायच्या बेतात आलं आणि संजयने ठरवलं की परीक्षा संपल्या की गावी परत जायचं, भावाबरोबर शेती करायची. त्यांची एकच मुलगी, हर्षदा. नववी संपत आली होती. गावापासून हायस्कूल दूर, बसचा भरवसा नाही, आणि चुलत्याने एक स्थळही सुचवून ठेवलं होतं. वैशाली मला म्हणाली, "बाई, पोर तिकडे गेली का तिची दहावी होत नाही. मला इथं नोकरी लागली तर हे थांबतील. तसं बोललेत ते."

त्याच सुमारास आमच्या भागात एक नवा खासगी दवाखाना निघत होता. तिथे समोरच्या टेबलावर बसायला बाई हवी होती. गुजराती, हिंदी, मराठी बोलणारी आणि कामापुरतं इंग्रजी येणारी. माझ्या वर्गातल्या सात जणींनी नावं दिली. मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्वतःबद्दल सांगा. मी सगळ्यांना बजावलं, "आय अ‍ॅम हार्डवर्किंग, आय अ‍ॅम इंडिपेंडंट, असं नुसतं म्हणून चालणार नाही. इंडिपेंडंट म्हणालात तर पुढे एक प्रसंग सांगायचा. स्वतःचा. घरी विचार करून या."

दुसऱ्या दिवशी बाकी कोणीही विचार करून आलं नाही. वैशाली आली. तिने आधी मराठीत सांगितलं, मग आम्ही दोघींनी मिळून ते सोप्या इंग्रजीत बसवलं. नवरा तापाने अंथरुणावर होता. सासू गावाहून एकटी निघाली होती आणि तिने उभ्या जन्मात कधी एकटीने प्रवास केला नव्हता. वैशाली तोवर नवऱ्याशिवाय कधी स्टेशनवर गेली नव्हती. ती गेली. गर्दीत सासूला शोधलं, सासूने आणलेलं बाजरीचं पोतं हमाल न करता स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि रिक्षावाल्याशी गुजरातीत हुज्जत घालून दोघींना घरी आणलं. 'आय वॉज अफ्रेड बट आय वेंट,' हे तिचं शेवटचं वाक्य. मी खूश झाले. इतक्या वर्षांत या शब्दाला इतका चांगला प्रसंग मिळाला नव्हता. म्हटलं, "वैशाली, नोकरी तुझी."

मुलाखती झाल्या त्या संध्याकाळी मला दवाखान्याच्या व्यवस्थापकांचा फोन आला. सुरती गृहस्थ, बोलायला फार गोड.

"बेन, एक वात पूछुं? आ बधी बहेनोनी सासु एक ज गाडीमां आवेली?"

मला कळेना. या सगळ्या जणींच्या सासवा एकाच गाडीने आल्या होत्या का, असं ते का विचारत होते? त्यांनी समजावून सांगितलं. पहिल्या बाईंचा नवरा आजारी पडला, सासू आली, पोतं आलं. ऐकून समितीतल्या डॉक्टरीणबाईंना कौतुक वाटलं. दुसरीचाही नवरा आजारी पडला. तिसरीच्या वेळी कोणीतरी खोकलं. चौथीला त्यांनी पोत्यात काय होतं ते आधीच विचारून घेतलं. व्यवस्थापक हसून हसून बेजार झाले होते. "बेन, तमे बहु सरस गोखाव्युं," म्हणाले. छान घोकवून घेतलंत!

मला! जिने उभ्या जन्मात नोट्स दिल्या नाहीत तिला!

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सगळ्यांना उभं केलं. वय काय, पोरंबाळं किती, काही बघितलं नाही. "कोणाची सासू होती ती?"

 ज्योती बोलली. ज्योती म्हणजे वैशालीची भिंतीला भिंत लागून शेजारीण, बोलायला फटकळ. "बाई, वैशालीच्या वहीचा फोटो आमच्या ग्रुपवर होता. इतकं चांगलं लिहिलेलं, मग आम्ही दुसरं कशाला लिहायचं?"

"फोटो कोणी टाकला?"

"मी," वैशाली म्हणाली.

"का?"

"ज्योतीनं मांगला. मग बाकीच्यांनी मांगला. मी नाही कशी म्हणू?"

इथे तुम्हाला ती गल्ली समजावून सांगायला हवी. तिथे मोठा कुकर एकच आहे आणि तो ज्याच्याकडे पाहुणे असतील त्याच्या घरी जातो. विरजण, गॅसची टाकी, मुलाच्या बारशापासून बहिणीच्या लग्नापर्यंत नेसायची भारी साडी, कोणी मागितलं तर द्यायचं. माझ्याजवळ आहे पण देत नाही, असं म्हणणाऱ्या बाईशी तिथे कोणी बोलत नाही. वैशालीच्या लेखी तो परिच्छेदही कुकरच होता. हे मला इतकी वर्षं त्यांच्यात राहून ठाऊक असायला हवं होतं की नाही, यावर डोकेफोड करत मी बसले नाही. मला तेव्हा फक्त राग आला होता.

"आणि तू?" मी वैशालीला विचारलं. "तुझा नंबर शेवटून दुसरा होता. तू काय सांगितलंस?"

ती खाली बघून म्हणाली, "मी आत गेले तर त्या साहेबांनी हसत हसत विचारलं, तुमची पण सासू आली का गाडीनं? मी म्हटलं, नो सर."

"नो सर?"

"नो सर. मनी सासू नाही आली."

वर्गात कोणीतरी फिस्सकन हसलं. सात जणींमध्ये जिची सासू खरोखर त्या गाडीने आली होती, ती एकटीच तिथे 'माझी आली नाही' असं म्हणून आली होती. त्यानंतर तिला दुसरं काही सुचलं नाही आणि थँक यू म्हणून ती बाहेर पडली.

"अगं, का पण?"

"मी माझी आली म्हटलं असतं, तर बाकीच्या खोट्या पडल्या असत्या, बाई. आता साहेबांना वाटलं असेल, कोणाची तरी खरी असेल."

सांगा, मी काय करायला हवं होतं? आर्या, तुला तिकडे शाळेत शिकवतात ना, स्पीक अप फॉर युअरसेल्फ? मीही तेच शिकवत होते.

नोकरी ज्योतीला मिळाली. पहिला नंबर तिचा होता, त्यामुळे समितीने सासू तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली होती आणि ती बोललीही ठसक्यात. मी व्यवस्थापकांना फोन करून खरा प्रकार सांगितला. ते लगेच म्हणाले, "तो ज्योतीबेनने ना पाडी दऊं? तमे कहो तेम." ज्योतीला नाही सांगून टाकतो, तुम्ही म्हणाल तसं. इतक्या सहज! मला वाटलं होतं, थोडे आढेवेढे घेतील म्हणजे मला भांडता येईल. मी म्हटलं, थांबा, विचारून सांगते.

वैशाली साड्यांच्या ढिगात बसली होती. ऐकून तिने मान वरसुद्धा केली नाही. "तिचं काढून मला नको."

"तिचं कसं? तुझंच आहे ते!"

"तिला नवरा नाही, दोन बारकी पोरं आहेत, बाई."

"आणि तुला हर्षदा नाही?"

 तिने एक खडा उचलून साडीवर ठेवला आणि बोटाने दाबून धरला. मी तिथून जी निघाले ती तणतणत घरी आले. व्यवस्थापकांना 'जसं आहे तसं राहू द्या' असं कळवलं आणि दोन दिवस वर्ग बंद ठेवला. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघा उत्तम होता.

त्यानंतर ज्योती माझ्या दारात. चपला काढायच्या आधीच सुरू झाली, "बाई, तुम्ही साहेबांना फोन केला म्हणे. मी चोर आहे का?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तिनं दिलं, मी घेतलं. उद्या माझ्याकडं काही असलं तर ती घेईल. यात चोरी कुठं आली? आता चला माझ्या घरी. संजयभाऊ आलेत. मी त्यांना सांगितलंय, हर्षदा माझ्याकडं राहील. दहावी करील. तुम्ही फक्त मास्तरणीसारखं बोला, म्हणजे ते ऐकतील."

मी गेले. ज्योतीच्या त्या एका खोलीत संजय भिंतीला टेकून बसला होता, वैशाली दाराशी, हर्षदा गॅसच्या ओट्याजवळ दप्तर मांडीवर घेऊन. ज्योतीची दोन पोरं पलंगाखाली खेळत होती. मी मास्तरणीसारखं बोलले. दहावीचं महत्त्व, हुशार मुलगी, फक्त एका वर्षाचा प्रश्न. ज्योती मध्ये मध्ये भर घालत होती. संजय म्हणत होता, "वयात आलेली पोर दुसऱ्याच्या घरात ठेवून जाऊ? भाऊ काय म्हणेल?" ज्योती म्हणत होती, "दुसऱ्याचं घर? या भिंतीत तुम्ही तिकडून ठोकलेला खिळा इकडं निघालाय!" मी पुन्हा दहावीचं महत्त्व सांगायला लागले.

"मला कोणी विचारील का?" हर्षदा म्हणाली.

सगळे थांबले. ती काही फार मोठ्याने बोलली नव्हती. "पप्पाला गावी जायचंय. मला इथं शिकायचंय. ज्योतीमावशीला नोकरीवर जायचंय, तर या दोघांना कोण बघील? मम्मी बघील ना. मग मम्मीला गावी कशाला न्यायचं?"

खरं सांगते, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ज्योतीच्याही नाही. नवरा गावी जातो म्हणजे बायको जाते, हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. सोडवायची होती ती फक्त मुलगी. मी एम.ए. इंग्रजी, आणि मीसुद्धा.

संजय वैशालीकडे बघायला लागला. मला वाटलं, आता ही नेहमीसारखी मान खाली घालणार. म्हणून मी तिच्या वतीने तोंड उघडलं. "संजयभाऊ, असं बघा..."

"बाई, तुम्ही जरा थांबा," वैशाली म्हणाली. "मी बोलते."

मी थांबले. थांबावं लागलं.

तिने पदर खोचला आणि नवऱ्याला घरच्या बोलीत सांगितलं, "तुम्ही जा. मी नि पोर आठेच ऱ्हातस. खोली सोडी देऊ, ज्योतीकडे ऱ्हाऊ. खडास्नं काम शे, हाई दोन पोरे शेतस. दहावी व्हई जाऊ द्या, मंग दखू." म्हणजे आम्ही दोघी इथेच राहतो, खोली सोडून ज्योतीकडे जातो, खड्यांचं काम आहे, ही दोन पोरं आहेत, दहावी होऊ द्या, मग बघू. 

 संजयने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू हे मीच तिला शिकवून पाठवलं होतं. मी काहीही शिकवलं नव्हतं. आणि आर्या, तुला वाटेल की वैशाली आता तुझ्या त्या शब्दासारखी झाली. कशी झाली? दुसरीच्या खोलीत, दुसरीची पोरं सांभाळत, आपल्या परिच्छेदावर मिळालेल्या दुसरीच्या नोकरीच्या आधाराने राहणार होती. शब्दकोशात या शब्दाचे दिलेले सगळे अर्थ मी मनात चाचपून पाहिले. एकही तिथे बसेना. पण तिचा नवरा आता तिला अडवायला कारण शोधत होता, हेही मी पाहत होते.

शेवटी संजयला एकच अडचण सापडली. "आन भाकर? भावाकडं त्याच्या बायकोच्या हातची किती दिवस खायची? माझ्या भाकरीचं काय?"

वैशाली उठली. ज्योतीच्या डब्यातून बाजरीचं पीठ काढलं, परात त्याच्यापुढे ठेवली, तांब्या ठेवला. ज्योतीची पोरं पलंगाखालून बाहेर येऊन बघायला लागली. संजयने इकडेतिकडे पाहिलं, बाह्या वर केल्या आणि पिठावर सगळा तांब्या उपडा करायला लागला.

"येकदम नका वतू," वैशाली म्हणाली. "थोडं थोडं घ्या. मी काही रोज फोनवर सांगनार नही."